विजेने काढलेल्या गाळाचा हिशोब मागा

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

महोदय,

तळोजा औद्योगिक क्षेत्र आणि कासाडी नदी यांविषयी पनवेलकरांनी आजवर आपल्या मंडळाकडे जे गाऱ्हाणे मांडले, ते बहुतेक पाण्याचे होते. ते साहजिक आहे. पाण्याचा रंग दिसतो, वास घरात शिरतो, खाडीतली मासळी कमी झाली की कोळीवाड्यात ते त्याच दिवशी कळते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातल्या भटक्या कुत्र्यांची अंगे निळी पडलेली साऱ्या देशाने पाहिली, तेव्हाही बोलणे झाले ते रंगाच्या आणि सांडपाण्याच्याच अंगाने. कासाडीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला, तिथेही मोजमाप मुख्यतः पाण्याचे झाले. या पत्रात मी त्या पाण्यातून जे बाहेर काढले जाते त्याविषयी, म्हणजे गाळाविषयी, लिहीत आहे. पाण्याचे निकष जितके कडक होतील तितका गाळ वाढेल, हे उघड आहे. क्रोमियम, निकेल, जस्त ही मूलद्रव्ये आहेत. कोणत्याही शुद्धीकरणाने ती नाहीशी होत नाहीत. ती पाण्यातून निघाली असतील, तर गाळात आहेत. गाळातही सापडत नसतील, तर ती पाण्यातून निघालीच नाहीत, किंवा गाळ भलतीकडे गेला आहे. तिसरी शक्यता नाही.

सांडपाण्यावर विजेने प्रक्रिया करण्याची जी पद्धत आहे, तिच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सांडपाण्यात उभ्या करायच्या, रेक्टिफायरमधून एकदिश वीज सोडायची, म्हणजे धनाग्राची पट्टी झिजून तिचा धातू पाण्यात उतरतो, त्याचे हायड्रॉक्साइड बनते आणि ते रंग, तेल, जड धातू यांना धरून गाळाच्या रूपाने वेगळे होते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे सुटतात आणि गाळाचा काही भाग साय धरल्यासारखा वर आणतात. कल्पना नवी नाही. विल्यम वेब्स्टर यांनी १८८९ च्या सुमारास लंडनच्या क्रॉसनेस येथे शहराच्या मैलापाण्यावर लोखंडी पट्ट्यांनी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. तेव्हा वीज महाग होती, म्हणून ही पद्धत मागे पडली. आज रेक्टिफायर स्वस्त आहेत, जागा महाग आहे, आणि क्षारांचे प्रमाण वाढवणारी रसायने टाळण्याकडे कल आहे. त्यामुळे रंग, औषधे, इलेक्ट्रोप्लेटिंग, मासळी-प्रक्रिया अशा उद्योगांना ही यंत्रे विकणारे विक्रेते एक वाक्य हमखास म्हणतात: गाळ कमी निघतो. हे वाक्य मंडळाने संमतीपत्राच्या अर्जात जसेच्या तसे स्वीकारू नये, आणि विजेच्या पद्धतीत गाळाचा जो काटेकोर हिशोब आपोआप हाती येतो तो सक्तीने मागावा, एवढेच माझे म्हणणे आहे. पुढचे सारे त्याच्या समर्थनासाठी आहे.

आधी ‘कमी गाळ’ म्हणजे काय ते पाहू. पाण्यात एक किलो ॲल्युमिनियम उतरले की सुमारे २.९ किलो कोरडे हायड्रॉक्साइड तयार होते. ते ॲल्युमिनियम तुरटीतून आले की पट्टीतून, याने या आकड्यात काही फरक पडत नाही. तुरटी वापरली तर तिच्यासोबत सल्फेट पाण्यात जाते, पट्टी वापरली तर जात नाही. हा विजेचा खरा फायदा आहे आणि तो पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांत दिसतो. हिराकस आणि चुना वापरणाऱ्या कारखान्यात चुन्याचा न विरघळलेला भाग आणि थोडे जिप्समही गाळात बसते. विजेच्या पद्धतीत चुना लागला नाही तर तेवढा गाळ खरोखर वाचतो. पण धातूची मात्रा सारखी ठेवली तर धातूच्या हायड्रॉक्साइडचे कोरडे वजन दोन्हीकडे सारखेच राहणार. मग प्रात्यक्षिकाच्या काचपात्रात गाळाचा थर निम्मा दिसतो तो कशामुळे? मुख्यतः पाण्यामुळे. विजेने बनलेल्या गाळाच्या गुठळ्या मोठ्या असतात, त्यांत अडकून राहणारे पाणी कमी असते, तो लवकर बसतो आणि फिल्टर प्रेसमध्ये बरा दाबला जातो, असे संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले आहे. हा गुण मोलाचा आहे. मात्र वीस किलो कोरडा गाळ दोन टक्के घनांशाने बसला तर तो एक टन भरतो, चार टक्क्यांनी बसला तर अर्धा टन आणि पंचवीस टक्क्यांचा केक झाला तर ऐंशी किलो. तिन्ही ठिकाणी विषारी धातू तेवढाच आहे, तो फक्त अधिक घट्ट झाला आहे. आकारमानाने कमी झालेला गाळ हा वाहतुकीच्या खर्चातला लाभ आहे. त्याला प्रदूषणातली घट म्हणता येत नाही. म्हणून गाळाचा प्रत्येक आकडा कोरड्या वजनात आणि सोबत ओलाव्याची टक्केवारी देऊनच लिहिला गेला पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. रसायने टाकून प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात किती गाळ निघायला हवा होता, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग कच्चा आहे. डोसिंगच्या टाकीत किती तुरटी पडली, याची नोंद कारखान्याच्याच वहीत असते. विजेच्या पद्धतीत तसे नाही. मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात मांडलेला नियम इथे लेखापरीक्षकाचे काम करतो. एक अँपिअर वीज एक तास वाहिली, तर लोखंडाच्या पट्टीतून सुमारे १.०४ ग्रॅम लोह पाण्यात उतरते, ॲल्युमिनियमच्या पट्टीतून सुमारे ०.३४ ग्रॅम ॲल्युमिनियम. समजा एखाद्या कारखान्यात लोखंडी पट्ट्यांचा एक कक्ष ५०० अँपिअरवर रोज वीस तास चालतो. दहा हजार अँपिअर-तास झाले, म्हणजे रोज सुमारे १०.४ किलो लोह विरघळले. त्याचे गंजासारखे ऑक्सि-हायड्रॉक्साइड बनले असे धरले तर साडेसोळा किलो, पूर्ण हायड्रॉक्साइड धरले तर जवळजवळ वीस किलो कोरडा गाळ. सांडपाण्यातून ओढलेली घाण यात धरलेलीच नाही, ती वेगळी वर पडेल. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तेवढ्या मुदतीत या एका कक्षाचा किमान दीड टन कोरडा गाळ, म्हणजे पंचवीस टक्के घनांशाचा सुमारे सहा टन केक, कुठेतरी कागदावर दिसलाच पाहिजे. कचऱ्यासोबत जाणाऱ्या वाहतूक-पत्रकावर, म्हणजे मॅनिफेस्टवर, दोन टन केक लिहिला असेल, तर उरलेला गाळ कुठे गेला हा प्रश्न विचारायला नदीकाठी नमुना घ्यायला जाण्याची गरज नाही. अँपिअर-तासांची नोंद आणि मॅनिफेस्ट हे दोन कागद शेजारी ठेवले की पुरे.

यात एक खबरदारी सांगायला हवी, कारण ती सुटली तर हिशोबच चुकेल. विजेच्या बिलातल्या युनिटवरून हे गणित होत नाही. युनिटमध्ये विद्युतदाबही येतो आणि तो पाण्याच्या वाहकतेप्रमाणे बदलतो. खारट सांडपाण्याला कमी लागतो, गोड्या पाण्याला जास्त. विरघळणारा धातू ठरतो तो फक्त प्रवाह आणि वेळ यांवरून. म्हणून नोंद अँपिअर-तासांचीच हवी. शिवाय काही यंत्रांत पट्ट्या एकामागून एक अशा जोडलेल्या असतात की तोच प्रवाह प्रत्येक फटीतून जातो. तिथे विरघळलेल्या धातूला फटींच्या संख्येने गुणावे लागते. दहा फटींच्या यंत्रात ही बाब नजरेतून सुटली, तर गाळ दहापट कमी दाखवता येईल. संमतीपत्रात यंत्राच्या जोडणीचा आराखडा जोडणे म्हणूनच आवश्यक ठरते.

पहिला आक्षेप जाणकारांकडून येईल. फॅरडेचा नियम आदर्श आहे, प्रत्यक्षात पट्ट्या तशा वागत नाहीत. खरे आहे. लोखंडाच्या पट्ट्या बहुधा नियमाच्या जवळ राहतात. पण त्यांवर ऑक्साइडचा थर बसला की काही वीज प्राणवायू सोडण्यात वाया जाते आणि धातू कमी उतरतो. ॲल्युमिनियमचे उलट आहे. क्लोराइडमुळे पट्टीला खड्डे पडतात, ऋणाग्राजवळच्या अल्कधर्मी पाण्यात ऋणाग्राची पट्टीही झिजते, आणि हिशोबापेक्षा जास्त धातू उतरतो. लोहाचा काही भाग मॅग्नेटाइट बनला तर कोरडे वजन थोडे घटते. परंतु या सगळ्या दुरुस्त्या मोजता येण्यासारख्या आहेत. पट्टी बसवताना आणि काढताना वजन करावे, नव्या पट्ट्यांची खरेदी आणि भंगारात गेलेल्या पट्ट्यांची विक्री ताडून पाहावी. प्रत्यक्षात किती धातू गेला ते कळते आणि त्या कारखान्याचा गुणांक ठरतो. लेखापरीक्षण थोड्याफार फरकाने अडत नाही. ते अडते सहा टनांच्या जागी दोन टन दिसले की, आणि तेवढी तफावत पकडण्याइतका हा नियम नक्कीच भक्कम आहे.

मात्र गाळ किती निघाला, एवढ्यावर थांबून चालणार नाही. तो कसा आहे, हेही तितकेच ठरवावे लागेल, कारण एकाच यंत्रातून निघालेला गाळ सांडपाण्याप्रमाणे अगदी वेगळ्या जातीचा असतो. इलेक्ट्रोप्लेटिंगचे उदाहरण घ्या. तिथले सहा संयुजेचे क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि अत्यंत घातक असते. लोखंडी पट्टीतून उतरलेले फेरस लोह त्याला तीन संयुजेचे बनवते आणि मग ते गाळात बसते. एका क्रोमियमला तीन लोह लागतात. वजनात सांगायचे तर एक किलो सहा संयुजेच्या क्रोमियममागे किमान ३.२ किलो लोह खर्ची पडते आणि आठ किलोंच्या आसपास कोरडा गाळ बनतो. याच कारखान्यात कोणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या, तर हे रूपांतर फारसे होत नाही आणि सहा संयुजेचे काही क्रोमियम गाळाला नुसते चिकटून राहते, पावसात सुटण्यासाठी. दोन्ही गाळांना आपल्या कागदपत्रांत एकच नाव आहे: घातक कचऱ्याच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील ३५.३, सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ. मासळी-प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातून निघणारा ॲल्युमिनियमचा गाळही त्याच नावाने जाऊ शकतो. त्यात प्रथिने आणि चरबी भरलेली असते, तो दोन दिवसांत कुजतो, वर तरंगणारा थर तेलकट असतो आणि तळाचा चिकट. रंग कारखान्याच्या गाळात सेंद्रिय भाग इतका असू शकतो की तो सिमेंटच्या भट्टीत जाळण्याजोगा ठरेल. क्रोमियमच्या गाळात जाळण्याजोगे काही नसते. या तिघांना एका नावाखाली एका ट्रकमध्ये भरले की चांगला गाळही वाया जातो आणि वाईट गाळ सौम्य दिसू लागतो.

नमुना घेण्याच्या रीतीतही म्हणून बदल हवा. तळाशी बसलेला गाळ तपासून भागत नाही, वर आलेला फेसाळ थरही त्याच यंत्राचा आहे आणि त्याची घडण वेगळी असते. लोहाचा ताजा गाळ हिरवट-काळा असेल, तर त्यातले लोह अजून फेरस आहे. हवा लागल्यावर तो तांबूस होतो. बाहेर जाणारे पाणी सुरुवातीला स्वच्छ आणि तासाभराने पिवळट दिसत असेल, तर लोह पुरते बसलेलेच नाही, ही गोष्ट क्षेत्र अधिकाऱ्याला कोणत्याही उपकरणाशिवाय ओळखता येते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाळाचे वय. लोहाचा गाळ कोरडा आणि हवेशीर राहिला तर त्याचे स्फटिक घट्ट होत जातात आणि धातू धरून राहतात. तोच ओला, कोंडलेला, सेंद्रिय घाणीसोबत ठेवला तर जिवाणू त्यातल्या लोहाचे पुन्हा विरघळणारे रूप करतात आणि त्याने धरलेले आर्सेनिकसारखे घटक सुटतात. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवलेल्या गाळासाठी याहून वाईट परिस्थिती शोधूनही सापडणार नाही. झिरपचाचणीत हा धोका उमटत नाही. ती चाचणी सौम्य ॲसेटिक आम्लात अठरा तास गाळ हलवते आणि क्रोमियमची मर्यादा लिटरला पाच मिलिग्रॅम धरते. महिनोन्महिने प्राणवायूविना भिजत पडलेल्या गाळाविषयी ती काही सांगत नाही. तिला टाकून द्यावे असे माझे म्हणणे नाही. जूनमध्ये ताज्या गाळाची झाली तशीच सप्टेंबरमध्ये साठवलेल्या गाळाची चाचणी व्हावी, इतकेच.

दुसरा आक्षेप उपयोगाचा आहे आणि तो मला गंभीर वाटतो. गाळाला कचरा का म्हणायचे, त्याच्या विटा कराव्यात, रंगद्रव्य करावे, सिमेंटमध्ये घालावा, असे अनेक शोधनिबंध सांगतात. लोहाच्या गाळातून लाल रंगद्रव्य बनू शकते, हे खरे आहे. नियमांनीही वाट ठेवली आहे: २०१६ च्या नियमांतील नववा नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यपद्धतीनुसार अशा उपयोगाला परवानगी देतो. पण वीटभट्टीची गोष्ट सावधपणे घ्यायला हवी. तीन संयुजेचे क्रोमियम असलेला गाळ चुन्याच्या सान्निध्यात, भरपूर हवेत, भट्टीच्या तापमानाला गेला, तर त्यातले काही क्रोमियम पुन्हा सहा संयुजेचे होते. म्हणजे कारखान्याने वीज जाळून जे निरुपद्रवी केले, ते भट्टीने पुन्हा घातक केले, आणि आता ते कोणाच्या तरी भिंतीत आहे. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत वीटभट्ट्या भरपूर आहेत, त्यांच्यावर रोजंदारी करणारी माणसे कातकरी आणि स्थलांतरित मजूर आहेत, आणि गाळ फुकट मिळाला तर तो नाकारण्याचे भट्टीवाल्याला कारण नाही. उपयोग जरूर व्हावा. मात्र प्रत्येक उद्योगाच्या गाळासाठी वेगळी परवानगी, भाजलेल्या विटेची वेगळी झिरपचाचणी आणि सहा संयुजेच्या क्रोमियमचे वेगळे मोजमाप झाल्याशिवाय होऊ नये.

तिसरा आक्षेप लहान उद्योजकांचा. तळोज्यातल्या छोट्या कारखानदाराला संमतीपत्र, वार्षिक विवरण, मॅनिफेस्ट, सामायिक प्रक्रिया केंद्राची वर्गणी एवढे सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यावर आणखी एक नोंद कशाला? ही अडचण खोटी नाही आणि तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण इथे नवे यंत्र जवळजवळ लागतच नाही. रेक्टिफायरवर प्रवाहमापक असतोच. त्याला नोंद ठेवणारा छोटा संच जोडायचा आहे. अतिप्रदूषक १७ वर्गांतल्या उद्योगांना केंद्रीय मंडळाने २०१४ पासून सांडपाण्याची ऑनलाइन मोजणी करायला लावली आहे; त्यांच्या बाबतीत आणखी एक वाहिनी जोडणे ही किरकोळ बाब आहे. उलट प्रामाणिक कारखानदाराला याचा आधारच होईल. त्याच्या शेजारचा रात्री यंत्र बंद ठेवून पाणी तसेच सोडत असेल, तर पाण्याचा प्रवाह आणि विजेचा प्रवाह यांची जोडी ते लगेच उघड करते: पाणी वाहते आहे आणि अँपिअर शून्य आहे. आज नियम पाळणाऱ्याला गाळाच्या वाहतुकीचा आणि विल्हेवाटीचा पूर्ण खर्च येतो, न पाळणाऱ्याला येत नाही, आणि दोघे एकाच बाजारात एकाच दराने माल विकतात. हा अन्याय थांबवणे मंडळाच्या हातात आहे.

चौथे म्हणणे असे येऊ शकेल की तळोज्याचा मोठा भार सामायिक केंद्रावर आहे, तिथले मुख्य काम जिवाणू करतात, विजेची यंत्रे लावणारे कारखाने त्या मानाने थोडेच राहतील. मग एवढा खटाटोप का? थोडे आहेत तोवरच नियम घालणे सोपे असते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे. जड धातू कारखान्यातच अडवले गेले नाहीत, तर ते सामायिक केंद्रातल्या जिवाणूंना मारतात किंवा त्यांच्या गाळात शिरतात, आणि मग जो सेंद्रिय गाळ तुलनेने निरुपद्रवी राहिला असता तोही घातक होऊन बसतो. कारखान्याच्या आवारातला शंभर किलो घट्ट, ओळखीचा, एकाच जातीचा गाळ हा सामायिक केंद्रातल्या कित्येक टन मिश्र गाळापेक्षा हाताळायला सोपा आणि स्वस्त असतो. घातक कचऱ्याची सामायिक प्रक्रिया आणि सुरक्षित भरावभूमी तळोज्यातच आहे. गाळ दूर न्यावा लागतो म्हणून तो वाटेत ‘हरवतो’, ही सबब इथे तरी चालू नये. आणि त्या भरावभूमीची जागाही अमर्याद नाही. तिथे काय जाते, किती ओलाव्याने जाते, याची नेमकी माहिती नसेल तर ती पाण्यानेच भरेल.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की विजेने सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रत्येक उद्योगाच्या संमतीपत्रात पट्टीचा धातू, जोडणीचा आराखडा आणि अँपिअर-तासांची रोजची नोंद या अटी घालाव्यात, चौथ्या नमुन्यातील वार्षिक विवरणात गाळ कोरड्या वजनाने आणि ओलाव्यासह मागावा, ३५.३ या एका नावाखाली निदान तीन उपप्रकार करावेत, लोहाचा, ॲल्युमिनियमचा आणि क्रोमियमयुक्त. आणि हिशोबाने निघायला हवा तो गाळ व प्रत्यक्ष पोहोचलेला गाळ यांचा तक्ता उद्योगनिहाय मंडळाच्या संकेतस्थळावर, मराठीत, दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा. व्यापारी गुपिताचा प्रश्न यात येत नाही. कारखाना काय बनवतो हे या तक्त्यातून कळत नाही, त्याने मागे काय ठेवले एवढेच कळते. सुरुवात तळोज्यापासून करता येईल. इथे भरावभूमी आहे, नदी आहे, आणि हे आकडे वाचून त्यांवर प्रश्न विचारतील असे नागरिक पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. येत्या पावसाळ्याआधी साठवलेल्या गाळाची पहिली मोजणी झाली तर सप्टेंबरच्या मोजणीशी ती ताडून पाहता येईल. त्यासाठी अटी बदलण्याचा आदेश निघण्याचीही वाट पाहावी लागणार नाही, तपासणीचे अधिकार मंडळाकडे आजही आहेत.

कळावे,

आपला,
पनवेलमधील एक नागरिक